पिल्लू विकलं, पैसे आले. पण ते गेलं कुठं?

नारायण पेठ, पुणे : फोन उघडला की दिवसातून एकदा तरी अशी जाहिरात समोर येतेच. "कारवानची पिल्लं देणे आहे. आई-बाप दोन्ही पळणारे. रेटसाठी मेसेज करा." खाली दहा-बारा जणांनी फक्त "रेट?" एवढंच लिहिलेलं असतं. आई किती वर्षांची, तिचं हे कितवं वेत, पिल्लांना कोणती लस दिली, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि विकणाराही घेणाऱ्याला विचारत नाही, की बाबा, तुझं घर केवढं, दिवसभर घरी कोण असतं, आधी कधी कुत्रं पाळलं होतंस का?

गाय विकताना आपण असं करत नाही. गिऱ्हाईक खाटकाचं माणूस आहे की दुधासाठी घेतंय, हे चार ठिकाणी विचारून मगच कासरा हातात देतो. कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र पैसे फोनवर आले, पिल्लू पिशवीत घातलं, एसटी नाहीतर पिकअपनं रवाना केलं, की विषय संपला. शिरूर, दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या वस्त्यांवर जन्मलेली पिल्लं अशीच पुण्याच्या पेठांत, पिंपरीत, हडपसरच्या सोसायट्यांत जातात. शहरातून नको झालेली कुत्री रात्री गाडीतून आणून आपल्याच घाटात, धाब्याजवळ, एमआयडीसीच्या रस्त्याला सोडली जातात. म्हणजे पिल्लं आपल्याकडून जातात आणि त्रास आपल्याकडेच परत येतो. यातलं आपल्या हातात काय आहे, तेवढंच बघू.

देशी जातीला भाव आला, तिथून सुरुवात

आपल्या भागात ज्याला कारवान म्हणतात ते उंच, सडपातळ, खोल छातीचं कुत्रं. लांब केसांचं असलं तर पश्मी. लातूर, नांदेडपासून सोलापूर, सांगली, कोल्हापूरपर्यंत ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, तिथं याच कुळीला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे संस्थानिक घोरपडे मराठी. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या राजाला एक जोडी भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली कुत्री सैन्यानंही घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव घेतलं आणि शहरातल्या माणसालाही ही जात ठाऊक झाली.

हे चांगलंच झालं. त्याआधी कुत्रं म्हणजे लॅब्राडोर, नाहीतर पॉमेरियन. २००३ च्या सुमारास हच मोबाईलच्या जाहिरातीत पग दिसला आणि गल्लोगल्ली पग आले. चपट्या नाकाचं कुत्रं, उन्हात त्याला श्वास घेताना धाप लागते, पण हौस मोठी. आता हस्कीची हौस आहे. सायबेरियाच्या बर्फातलं कुत्रं एप्रिलमध्ये पुण्याच्या गॅलरीत ठेवायचं, यात त्या जनावराचं काय सुख आहे ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

देशी कुत्र्याचं तसं नाही. त्याला आपली हवा सोसते, बाजरीची भाकरी आणि ताक चालतं. पण भाव आला की दोन गोष्टी होतात. एक, ज्याच्याकडे मादी आहे तो प्रत्येक माजाला तिला नर दाखवायला लागतो. दुसरी, पळण्याचा वेग वाढावा म्हणून कुणी ग्रेहाउंडचा क्रॉस करतो आणि तेच पिल्लू अस्सल कारवान म्हणून विकतो. असं दहा-पंधरा वर्षं चाललं तर जात नावापुरतीच राहणार.

आणि एक उघड बोलायला हवं. "आई-बाप शिकारी" असं जाहिरातीत लिहिणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देणं. सशाची शिकारसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ससा धरतानाचे रील टाकणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं.

मादीचा हिशेब आधी

मादी साधारण सहा ते बारा महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते आणि मग बहुधा दर सहा-सात महिन्यांनी. माज सुमारे तीन आठवडे चालतो. गाभणकाळ जवळजवळ ६३ दिवसांचा. म्हणजे कुणाचं लक्ष नसेल तर एक मादी वर्षात दोनदा विते. एका वेताला सहा पिल्लं धरा. पाच वेतांत तीस झाली. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या आणि त्यांनाही तसंच सोडलं, तर पुढचा आकडा बोटांवर मोजता येणार नाही.

पहिल्या माजाला मादीचं स्वतःचंच अंग भरलेलं नसतं. तेव्हा गाभण राहिली तर पिल्लं अडतात, दूध कमी पडतं, मादी खंगते. "एकदा तरी व्यालीच पाहिजे, नाहीतर मादी पिसाळते" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. याला काहीच आधार नाही. पिसाळणं हा रेबीजचा आजार, तो चाव्यातून होतो. विण्याशी त्याचा संबंध नाही. उलट, नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. मादी जास्त पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, पोट फुगतं, कधी मागून घाण जाते. माजानंतर महिना-दोन महिन्यांत असं दिसलं तर एक दिवसही न थांबता दवाखाना गाठायचा. बऱ्याच वेळा शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढावं लागतं, तेव्हाच मादी वाचते.

नराचंही बघायला हवं. गावात एकच नावाजलेला नर असतो आणि पंचक्रोशीतल्या माद्या त्याच्याकडे नेतात. मोबदला म्हणून रोख पैसे, नाहीतर वेतातलं एक पिल्लू. चार-पाच वर्षांनी त्याच्याच मुलीला, नातीला तोच नर लावला जातो. शेळ्या-मेंढ्यांत आपण बोकड बदलतो, मेंढा बदलतो. धनगराच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. कुत्र्यातही नियम तोच. जवळच्या नात्यात पैदास झाली की कमजोर, अधू, लवकर मरणारी पिल्लं वाढतात. शिवाय अनेक माद्यांवर जाणाऱ्या नरातून जननेंद्रियावर गाठी येण्याचा रोग पसरतो. नराच्या किंवा मादीच्या मागून थेंब-थेंब रक्त गळताना दिसतं आणि लोक त्याला माजाचं रक्त समजून सोडून देतात. हा रोग औषधानं बरा होतो, फक्त डॉक्टरला दाखवायला पाहिजे. आणि तोवर तो नर कुणाच्याही मादीला लावायचा नाही.

कायदा घरच्या पैदाशीलाही लागतो

"आमचं काय केनेल आहे का, घरची एक मादी आहे." असं म्हणणारे खूप. पण केंद्र सरकारनं २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे स्वतंत्र नियम काढले. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० हा मूळ कायदा, त्याखालचे हे नियम. पैदास करून विकणारा, मधला दलाल, कुत्री ठेवून घेणारा, सगळे त्यात येतात. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदास करून विक्री करता येत नाही. अर्ज कसा करायचा हे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.

नियमांतलं काही वाचून आपल्या गावातल्या कितीतरी जणांना धक्का बसेल. मादी निदान दीड वर्षाची हवी, डॉक्टरांनी तंदुरुस्त असल्याचं सांगायला हवं. वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नको आणि लागोपाठच्या दोन माजांना नर दाखवायचा नाही. आयुष्यभरात पाच वेतं, बस्स. आठ वर्षांनंतर पैदास बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. पिल्लाच्या अंगात ओळखीची चिप हवी, लशीची नोंद हवी, विक्रीची पावती हवी. सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी न करता फक्त नोंदणी असलेल्या दुसऱ्या पैदासकारालाच देता येतं. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचेही नियम आले, त्यांनाही नोंदणी सक्तीची आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे पाळतं कोण? खरंय. तपासणी फार होत नाही, आणि मूळ कायद्यातला दंड तर ऐकून हसू येईल. जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड मिसळही येत नाही. तरी जनावराला मारून टाकलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नको असलेली पिल्लं पोत्यात घालून विहिरीत, कॅनॉलमध्ये टाकणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावं.

'केनेल क्लबचा कागद आहे' असं सांगून जास्त पैसे घेतले जातात. तो कागद पिल्लाचे आई-बाप कोण ते सांगतो. पिल्लू निरोगी आहे, आईला नीट वागवलं होतं, पैदास करणाऱ्याकडे सरकारी नोंदणी आहे, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही.

आठ आठवडे कशासाठी?

तीस दिवसांचं पिल्लू दिसायला गोंडस असतं, त्याचा फोटो छान येतो, खायला कमी लागतं. म्हणून विकणाऱ्याला घाई असते, आणि घेणाराही म्हणतो, "लहानच द्या, लळा लागतो." इथंच घोटाळा होतो. चौथ्या आठवड्यापासून पिल्लू हळूहळू दूध सोडून खायला लागतं. पण आई आणि भावंडं त्याला पुढचे चार आठवडे जे शिकवतात ते माणसाला शिकवता येत नाही. खेळताना जोरात चावलं की भावंडं ओरडतं आणि खेळ बंद करतं, आई गुरगुरते. चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लू तिथं शिकतं. महिन्याचं असताना तोडून आणलेलं पिल्लू पुढं पोरांना चावतं, एकटं राहिलं की घर डोक्यावर घेतं. मग मालक म्हणतो, जातच खराब आहे.

आजारपणाचंही आहे. दोन-तीन आठवड्यांपासून जंताचं औषध सुरू करावं लागतं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, आणि सुमारे तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. पार्व्होमध्ये रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. लस नसलेलं पिल्लू विकलं, चार दिवसांनी ते मेलं, मग घेणारा पैसे परत मागतो आणि फोनवर शिवीगाळ होते. ही भांडणं नेहमीची आहेत. आठ आठवडे थांबून एक लस दिली असती तर त्यातली निम्मी टळली असती.

रेबीजबद्दल एक गोष्ट सोडून पुढं जाता येणार नाही. लहान पिल्लाच्या चाव्याला गावात कुणी मोजत नाही. "दुधाचे दात आहेत" म्हणतात. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर उपाय नाही. चावलं, दात नुसते लागले, ओरखडा आला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची. जखमेला हळद, चुना, तिखट लावायचं नाही.

घेणारा कोण?

समजा, तुमचं कारवानचं पिल्लू नारायण पेठेत गेलं. मोदी गणपतीच्या किंवा पत्र्या मारुतीच्या आसपास, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिसरा मजला, दोन खोल्या. नवरा-बायको दोघं सकाळी नऊला कामाला जातात, मुलगा शाळेत, नंतर क्लासला. पिल्लू दिवसभर गॅलरीत. सहा महिन्यांत त्याची उंची गुडघ्याच्या वर जाते. जे जनावर माळावर मैल-मैल पळण्यासाठी घडलं, ते दहा फुटांच्या गॅलरीत येरझारा घालतं. मग भुंकणं सुरू होतं, चपला फाडणं सुरू होतं, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. गणपतीत तर विचारू नका. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकापर्यंत दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंती. माणसाच्या कानाला सोसत नाही, कुत्र्याच्या कानाचं काय होत असेल! अशा वेळी दार उघडं राहिलं की घाबरलेलं कुत्रं जे पळतं ते पळतंच.

म्हणून पेठेत कुत्रं द्यायचं नाही, असं मात्र नाही. त्याच पेठेत असेही लोक आहेत की जे पहाटे कुत्र्याला नदीकाठी नेऊन तासभर पळवतात, त्याच्या लशीची वही ठेवतात, गावाला जाताना त्याची सोय करून जातात. आणि उलट, चार एकर मोकळं रान असलेल्या वस्तीवर दोन हात साखळीला जन्मभर बांधलेली कुत्रीही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पत्रा तापलेला, पाण्याचं भांडं कोरडं, आणि सोडायचं म्हटलं की, "नको, चावेल." चावणारच ना, बांधूनच चावकं केलंय. आखूड साखळीला जनावर तासन्‌तास बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला कधीच न फिरवणं हाही १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. तेव्हा घर शहरात आहे की गावात यापेक्षा घरातली माणसं कशी आहेत, हे बघायला हवं.

ते कळतं कसं? विचारून कळतं. घरमालकाची किंवा घरातल्या मोठ्यांची हरकत आहे का, सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण, आधीचं कुत्रं असेल तर त्याचं काय झालं. "आधी दोन होती, एक पळून गेलं, एक कुणाला तरी दिलं" असं उत्तर आलं की समजून जायचं. कुणाच्या वाढदिवसाला भेट म्हणून हवं असेल तर नाहीच म्हणायचं. ज्याच्या घरात ते राहणार त्यानं स्वतः यावं, आई बघावी, आणि आईचा स्वभाव बघितला की निम्मं पिल्लू कळतं. फोनवर इसार पाठवून "गाडीत टाका" म्हणणारा बहुतेक वेळा दलाल असतो. त्याला पिल्लू दिलं की पुढं ते कुठं गेलं याचा माग लागत नाही. एकाच वेळी चार-पाच पिल्लं मागणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. तो रागावून फोन ठेवेल. ठेवू द्या.

सोसायटीनं कुत्रं पाळायला बंदी केली म्हणून सोडून द्यावं लागलं, असंही ऐकू येतं. सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्येच कळवलेलं आहे. स्वच्छता पाळायची, लशी वेळेवर द्यायच्या, महापालिकेचा परवाना काढायचा, हे मालकाचं काम.

माद्या कुठं जातात?

सगळ्यात वाईट भाग हा आहे. नर पिल्लं विकली जातात किंवा मागून नेली जातात. माद्या राहतात. "मादी नको, विण्याचा त्रास." गावठी कुत्रीच्या वेतात तर हे नेहमीचंच. मग एखाद्या रात्री चार माद्या टोपलीत घालून पलीकडच्या गावाच्या वेशीवर, देवळाजवळ, कोंबडीच्या दुकानामागं सोडल्या जातात. देवळाजवळ सोडलं की पाप लागत नाही, अशी बहुधा समजूत असावी. खंडोबाच्या संगतीला कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपले. आणि त्याच देवळाच्या पायरीशी आपण डोळे न उघडलेली पिल्लं ठेवून येतो.

त्यातली बरीच मरतात. जी जगतात त्यांचं पुढं काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं फार जवळून पाहिलंय.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडच्या उसात बिबट्या आहे, हे सांगायला नको. पलीकडे अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासले. त्यानं खाल्लेल्या एकूण मांसात वजनानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्केच. याचा अर्थ सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात असते, तिच्यावर राखण असते. मोकाट कुत्रं मात्र बिबट्यासाठी उघड्यावर मांडलेलं ताट आहे. वस्तीजवळ कुत्री सोडणं म्हणजे बिबट्याला वस्तीची वाट दाखवणं. पिंजरा लावा म्हणून वनखात्याकडे अर्ज करताना गावाभोवती कुत्री किती आणि ती आली कुठून, हेही एकदा मोजायला पाहिजे.

इंदापूरची गोष्ट याहून वेगळी. कडबनवाडीच्या माळरानावर २०१४ मध्ये पिवळसर रंगाचा, नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा लांडगा निसर्गप्रेमींच्या नजरेस आला. नमुने तपासले गेले आणि लांडगा-कुत्रा संकर झाल्याचा देशातला पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यातला. माळावर मोकाट कुत्री वाढली आणि लांडगे घटले, की लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्रंच सापडतं. अशानं लांडग्याची मूळ जात पातळ होत जाते. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली जनावरांत जातो तो वेगळाच. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यात हाच विषाणू सापडला होता. मेंढपाळांना लांडग्याचा राग असतो हे खरं, पण मोकाट कुत्र्यांची टोळी मेंढ्यांचं नुकसान कमी करत नाही, हेही त्यांना विचारा.

नको असलेलं वेत होऊ न देणं

यावर खरा उपाय पिल्लं झाल्यानंतरचा नाहीच. ज्या मादीपासून पैदास करायची नाही तिची नसबंदी करून टाकायची. गावठी कुत्री असली तरी. राखणीला तिचा काही तोटा होत नाही; उलट दर सहा महिन्यांनी दारात जमणारी नरांची फौज आणि रात्रभरची भांडणं थांबतात. तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय सगळीकडे नसते, पण जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात आणि खासगी डॉक्टरांकडे होते. चार घरांनी मिळून एक गाडी केली तर खर्चही वाटला जातो. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जागच्या जागी सोडायचं, हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचं काम आहे, त्यात ग्रामपंचायतही आली. ग्रामसभेत हा विषय एकदा तरी मांडा. बहुतेक वेळा तो निधीपाशी अडतो, पण मांडल्याशिवाय निधी मागणार तरी कोण?

नसबंदी होईपर्यंत माजातल्या मादीला तीन आठवडे बंद खोलीत ठेवायचं. कुंपण पुरत नाही. नर पाच फुटांची भिंत चढतो. रक्त थांबलं म्हणून लगेच सोडलं तर तेव्हाच फसतं, कारण गाभण राहण्याचे दिवस बहुधा रक्त कमी झाल्यावरच सुरू होतात. आणि एकाच वेतात दोन वेगळ्या नरांची पिल्लं होऊ शकतात. जातिवंत नर दाखवून आणला, पण परत आल्यावर मादी मोकळी सोडली, तर निम्मी पिल्लं शेजारच्या काळ्या कुत्र्यासारखी निघतात. मग विकणारा म्हणतो, "मोठी झाली की रंग बदलेल."

पावतीवर एक ओळ वाढवा

पैदास करायचीच असेल तर आधी घेणारे ठरवा, मग मादीला नर दाखवा. सहा पिल्लं होतील असं धरून निदान चार घरं आधी हातात असावीत, उरलेली आपल्याकडे राहतील अशी तयारी ठेवावी. मादी पिल्लासाठी घर आधी शोधायचं, कारण तेच अवघड असतं.

पिल्लू देताना एका कागदावर लिहून द्या : जन्मतारीख, आई-बाप, जंताचं औषध आणि लस कधी दिली, पुढची कधी, डॉक्टरांचं नाव, काय खायला घालत होता. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन स्वतःच्या वहीत ठेवा. आणि खाली एक ओळ दोघांच्या सहीनं : 'काही कारणानं कुत्रं सांभाळता आलं नाही तर सोडून देणार नाही, दुसऱ्याला परस्पर विकणार नाही, परत आणून देईन, आणि मी ते परत घेईन.' ही ओळ नियमांत लिहिलेली नाही. पण ती लिहायला जो कचरतो त्याला पिल्लू द्यायचं नाही, आणि परत घ्यायची तयारी नसेल तर आपणही पैदास करायची नाही, एवढी ती साधी आहे. पैसे परत द्यायचे की नाही ते आधीच ठरवून लिहावं, म्हणजे नंतर वाद नको.

पिल्लू गेल्यावर आठव्या दिवशी एक फोन करा. खातं का, रडतं का विचारा. तीन महिन्यांनी रेबीजच्या लशीची आठवण करून द्यायला दुसरा. वर्षानं फोटो मागवा. आता व्हॉट्सॲपवर फोटो यायला पैसे पडत नाहीत. फोटोत कुत्रं कुठं उभं आहे, साखळी केवढी आहे, बरगड्या किती दिसतात, हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळेल. ते तुमच्याच अंगणात वाढलेलं असतं. कारवानच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायच्याच, त्याला घाबरू नका. पण पाठीचा कणा आणि माकडहाड वर आलेलं दिसलं तर विचारा, काय घालताय खायला? उत्तर नीट आलं नाही, तर सरळ गाडी काढून जाऊन बघून या.